कशावरून?

धुळ्याहून साक्रीकडे जाणारी सकाळची एसटी शाळेच्या थांब्याआधी एक वळण घेते. तिथं डाव्या हाताला एक काळी भिंत दिसते. कुठे पुरुषभर उंच, कुठे गुडघाभर. टेकडीवरून सरळ रेषेत उतरते, रस्त्यापाशी तुटते, पलीकडच्या बाजरीच्या रानात पुन्हा डोकं वर काढते आणि निघून जाते. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती पुष्कळ. मी धुळ्याचीच, त्यामुळे त्या लहानपणापासून डोळ्यांसमोर होत्या आणि कधी नीट पाहिलेल्या नव्हत्या.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात खडकांचा विषय निघाला. मी खरी विज्ञानाची, पण भूगोलाच्या बाई रजेवर होत्या. मागच्या बाकावर ठेलाऱ्यांचा एक मुलगा बसायचा. मेंढ्यांमागे हिंडणारं घर, त्यामुळे शाळेत अर्धं वर्ष. एरवी तोंड न उघडणारा तो मुलगा त्या दिवशी उभा राहिला.

"मॅडम, ती भिंत कोनीतरी रचेल शे."

"नाही रे. तिला डाइक म्हणतात. जमिनीला भेग पडते, खालून तप्त शिलारस त्यात शिरतो, तिथंच थिजतो. भोवतालचा खडक झिजून गेला की ती भिंतीसारखी उभी राहते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही."

"पन मॅडम, मी हात लाईसन दखेल शे. इटा रचतस ना, तसा दगड शेतस. आडवा."

"पुस्तकात दिलंय. बस खाली."

बसला बिचारा. वर्ग थोडा हसला. मी फळ्याकडे वळले.

संध्याकाळच्या एसटीत खिडकीशी बसले होते. ते वळण आलं, भिंत दिसली आणि मी पहिल्यांदा नीट पाहिलं. दगड खरंच आडवे होते. लाकडाच्या वखारीत ओंडके रचून ठेवावेत तसे, एकावर एक. मग मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडल्या. त्याच्याकडे काय होतं? डोळ्यांनी पाहिलेलं, हाताने चाचपलेलं आणि त्यावरून काढलेला एक सरळ अंदाज. माझ्याकडे काय होतं? एक इंग्रजी शब्द, एक मोठा आकडा आणि खडू. उत्तर माझं बरोबर होतं, वाद त्याने जिंकला होता.

दिवाळीनंतर मेंढरं निघाली, तोही निघाला. पुढच्या वर्षी तो आमच्या शाळेत आला नाही. त्याच्याशी बोलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

*

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला "शास्त्रीय कारणे लिहा" हा प्रश्न माहीत आहे. गुण २. मी स्वतः तो प्रश्न शेकडो वेळा सोडवला, हजारो वेळा तपासला, आणि त्यातली गंमत लक्षात यायला नोकरीची चौदा वर्षं जावी लागली. या प्रश्नात सिद्ध करायची गोष्ट आधीच छापून दिलेली असते. "उन्हाळ्यात माठातील पाणी थंड होते." झालं, निकाल लागला. मुलांनी फक्त कारण जोडायचं, आणि ते कारणही गाइडमध्ये तीन मुद्द्यांत तयार असतं. पुरावा हा शब्द येतच नाही कुठे. न्यायाधीशाने आधी शिक्षा सुनावावी आणि मग वकिलाला म्हणावं, आता तुम्ही दोन ओळी बोला, तसला प्रकार.

खरं तर मराठीत यासाठी किती नेमका शब्द आहे. "कशावरून?" आपण तो भांडणात वापरतो. "मीच घेतला तुझा पेन, कशावरून?" पाचवीतलं पोरसुद्धा स्वतःवर आळ आला की पुरावा मागतं. तेच पोर विज्ञानाच्या तासाला आलं की निमूट लिहून घेतं.

मी ठरवलं, यंदा माठापासून सुरुवात करायची. एप्रिल होता. आमच्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी कुंभारवाड्यात घागरींची रास लागलेली असते. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरायची, तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, सांजोऱ्या करायच्या. त्यामुळे घागर हा विषय घरोघरी चालूच असतो. नववीत विचारलं, घागरीतलं पाणी गार का होतं? चाळीस आवाजांनी उत्तर आलं, एका सुरात, पाढे म्हणावेत तसं. घागरीला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यातून पाणी झिरपते. त्याचे बाष्पीभवन होते. त्यासाठी लागणारी उष्णता पाण्यातून घेतली जाते. म्हणून पाणी थंड होते.

"कशावरून?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मॅडमला उत्तर ऐकू गेलं नसेल असं वाटून पहिल्या बाकावरच्याने पुन्हा म्हणून दाखवलं.

मग खिडकीपाशी बसणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझी आजी म्हणते मातीच थंड असते. म्हणून तर आमचं मातीचं घर गार आणि पत्र्याचं गरम." या वाक्यात दावा होता, त्याच्या मागे पाहिलेलं काहीतरी होतं, आणि दोन्ही जोडणारा विचारही होता. चूक असली तरी युक्तिवाद म्हणून चाळिसांच्या पाठांतरापेक्षा ती कितीतरी पुढे होती. (हे मला लगेच सुचलं असं नाही. आधी तोंडात "चूक" आलंच होतं. ठेलाऱ्याचा पोर आठवला म्हणून गिळलं.)

आता प्रश्न असा की आजी बरोबर की गाइड बरोबर, हे ठरवायचं कसं? अर्धा तास नुसती चर्चा. शेवटी मुलांनीच मांडणी केली. एक साधी घागर. तिच्याच मापाची दुसरी, तिला बाहेरून तैलरंग फासलेला, म्हणजे छिद्रं बुजली. एक स्टीलची कळशी. आणि तशीच दुसरी कळशी, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. या चौथ्या भांड्याची कल्पना एका मुलाच्या डोक्यातून आली, त्याचे वडील ट्रक चालवतात आणि पाण्याच्या बाटलीला ओला पंचा गुंडाळतात. मी ती सुचवली असती तर बरं झालं असतं, पण नाही सुचवली.

सगळ्यांत एकाच टाकीतलं दहा-दहा लिटर पाणी. सकाळी आठला बत्तीस अंश. पोषण आहाराच्या काट्यावर सगळ्यांची वजनं. दुपारी तीनला व्हरांड्यात हवा एकोणचाळीस. साध्या कळशीत पाणी ३६. साध्या घागरीत २७. रंगवलेल्या घागरीत ३५. ओल्या फडक्याच्या कळशीत २९.

आजीचं म्हणणं तिथंच पडलं. माती तीच असून रंगवलेली घागर तापली, आणि मातीचा कणही नसलेली कळशी गार झाली. त्या मुलीने स्वतःच आकडे वाचले, जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पण मॅडम, रंग चॉकलेटी आहे. गडद रंग तापतो." शाळेच्या दारांचा उरलेला रंग वापरला होता आम्ही. तिचा आक्षेप रास्त होता. दुसऱ्या दिवशी साध्या घागरीला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळली. ३४. तेव्हा कुठे ती हसली आणि वहीत लिहिलं, "आजीचे म्हणणे टिकले नाही." खाली कंसात, "घर गार का, ते वेगळे बघायचे."

वजनाची गोष्ट तर मला रात्री झोपू देईना. साध्या घागरीतून सात तासांत सहाशे ग्रॅम पाणी गेलं होतं. एका मुलाने गणित मांडलं. दहा लिटर पाणी पाच अंशांनी उतरवायला पन्नास हजार कॅलरी काढून घ्याव्या लागतात. पुस्तकातला आकडा ग्रॅमला ५४० कॅलरी. म्हणजे त्र्याण्णव ग्रॅम पाण्याची वाफ झाली की काम भागलं. (५४० हा उकळत्या पाण्याचा आकडा. घागरीच्या तापमानाला तो ५८०च्या आसपास जातो, म्हणजे पाणी आणखी कमीच लागेल. तिथं मी अडवलं नाही.) मग बाकीचं पाचशे ग्रॅम कुठे गेलं?

"गळली घागर," एकजण म्हणाला. खाली ताट ठेवून पाहिलं, ताट कोरडं. दोन दिवस वर्गात हाच विषय. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत मागून कुजबुज आली, "मॅडम, बाहेरून गरमी येतच राहते ना. घागर दिवसभर बाहेर काढत राहते." छत गळत असताना आपण बादलीने पाणी उपसत राहतो, तसं. पाच अंश उतरवणं हे थोडं काम, उतरलेलं टिकवणं हे मोठं. हे कोणत्याही गाइडमध्ये नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्याही डोक्यात तोवर नव्हतं.

मग मुलांना म्हटलं, तुमचं म्हणणं खरं असेल तर श्रावणात काय होईल ते आत्ताच लिहून ठेवा. बहुतेकांनी लिहिलं, हवा आधीच ओली असेल, वाफ कमी होईल, घागर नीट गार करणार नाही. ऑगस्टमध्ये झडीच्या दिवशी मोजलं. तोवर ती मुलं दहावीत गेली होती, तरी मधल्या सुट्टीत आली. हवा २७, घागर २५. ओरडून शाळा डोक्यावर घेतली. आधी लिहून ठेवलेलं खरं ठरण्यात जी मजा आहे, तिची चव कळली की पोरं हातची जातात, अभ्यासक्रमाच्या दृष्टीने म्हणते मी.

अभ्यासक्रम राहिलाच त्या वर्षी. दोन धडे मी अक्षरशः पळवले. आणि दहावीच्या त्या मुलांना मीच बजावून सांगितलं की बोर्डाच्या पेपरात घागर आली तर छिद्रं, झिरपणं, बाष्पीभवन, एवढंच लिहा, ताट-काटा-तैलरंग काही लिहू नका, तपासणारा मुद्दे मोजतो. हे सांगताना माझा आवाज खाली गेला होता. मुलांना त्यात वावगं वाटलं नाही. शाळेसाठी एक आणि खऱ्यासाठी एक, अशी दोन उत्तरं ठेवायची सवय त्यांना आमच्याहून आधीची असते.

*

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली, ती जगभरच्या विज्ञानशिक्षणात फार वापरली जाते. दावा, त्यासाठीचा आधार, आणि आधारावरून दाव्यापर्यंत जायचा परवाना. नमुना त्यांनी न्यायालयाचा घेतला होता. मला ती वाचताना आपल्या न्यायदर्शनातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला, डोंगर आठवला. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे, जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. मी तो वर्गात सांगितला तेव्हा एकजण म्हणाला, "मॅडम, हिवाळ्यात सकाळी पांझरेवरही धूर दिसतो. तिथं कुठे अग्नी?" जुन्या नैयायिकांनी धुकं आणि धूर यांचा घोळ आधीच घालून, सोडवून ठेवलाय, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. नदीकाठी राहतो, एवढंच.

घागरीचा पुरावा सोपा होता, कारण घागर आपल्या हातात असते. पवनचक्क्या हातात नसतात.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं जंगल आहे. आणि पवनचक्क्यांनी पाऊस पळवला, हे तालुक्यात तुम्हाला चहाच्या टपरीवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत कुठेही ऐकायला मिळेल. ढग येतात, पाती फिरतात, ढग पांगतात. डोळ्यांनी पाहिल्याचं सांगतात लोक. वर्गात विचारलं, तर तीसेक हात वर. कशावरून? तर, त्या आल्या आणि पाऊस कमी झाला.

यावर मी तयारी करून गेले होते. पात्याचं टोक जमिनीपासून फार तर शे-सव्वाशे मीटर, पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर, असं सांगायचं आणि विषय मिटवायचा. पण मी बोलण्याआधीच एक मुलगा घरून साक्ष घेऊन आला होता. त्याच्या आजोबांनी विचारलं होतं, "बहात्तरना सालले कोठे व्हत्यात पवनचक्क्या?" १९७२चा दुष्काळ. खडी फोडायची कामं, सुकडी, जनावरं सोडून दिलेली. आमच्याकडे कालगणना अजूनही त्या सालापासून चालते. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही सुटले असं वाटून खडू खाली ठेवला.

तेव्हा खिडकीतल्या त्या मुलीची धाकटी बहीण (थोरली आता दहावीत, ही नववीत, हीही त्याच खिडकीत) म्हणाली, "पण मॅडम, त्यावरून एवढंच कळतं की पवनचक्की नसतानाही दुष्काळ पडतो. पवनचक्कीमुळे पडत नाही, हे कुठे कळतं? ताप मलेरियाने येतो, म्हणून टायफॉइडने येत नाही का?"

वर्ग शांत. मला तर पुन्हा एकदा एसटीतली खिडकी आठवली. मुद्दा माझ्या बाजूचा होता, म्हणून मी तो न तपासता घेतला होता. बाजूचा पुरावा आपण किती हलक्या हाताने घेतो!

मग खरा तास सुरू झाला. काय पाहिलं तर ठरवता येईल? पवनचक्क्यांच्या आधीची आणि नंतरची किती वर्षं? एकाच गावाचा पाऊस पुरेल का? ज्या तालुक्यात पवनचक्क्या नाहीत तिथेही त्याच वर्षी पाऊस कमी झाला असेल तर? मुलांनी जुन्या पावसाचे आकडे मिळवायचा प्रयत्न केला, काही मिळाले, काही वर्षं मध्येच गायब. जे हाताला लागलं त्यात वर-खाली इतकं होतं की कोणाचीच बाजू उभी राहीना. आणि मग मागून एक शांत आवाज, "मॅडम, पवनचक्क्या लावतातच तिथे, जिथे वारा आहे आणि उघडं पठार आहे. आमच्याकडे पाऊस आधीपासूनच कमी. सह्याद्री पलीकडे अडवतो ना." म्हणजे पवनचक्क्यांमुळे जागा कोरडी की जागा उघडी-कोरडी म्हणून तिथं पवनचक्क्या? पर्जन्यछाया हा शब्द या पोरांनी पाचवीपासून नकाशात रंगवलाय. स्वतःच्या शेतावर तो पडलेला पहिल्यांदा दिसला.

तासाच्या शेवटी वहीत काय लिहायचं, यावर भांडण झालं. मी लिहून दिलं, "पवनचक्क्या पाऊस पळवतात, याला आपल्याकडे पुरावा नाही. ढगांची उंची पाहता ते संभवत नाही." एका मुलाने हात वर केला, "पहिलं वाक्य आपलं, दुसरं तुमचं. वेगवेगळ्या रंगाने लिहू का?" लिहा म्हटलं.

त्याच आठवड्यात एक पालक शाळेत आले. पोरगं घरात मोठ्यांना उलटून "कशावरून" विचारतं, म्हणाले. मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार?

*

भिंतीकडे मी पोरांना घेऊन गेले ते तिसऱ्या वर्षी. या वेळी डाइक हा शब्दच काढला नाही. विचारलं, ही माणसांनी बांधली असं म्हणणारे इकडे उभे राहा, आपोआप झाली म्हणणारे तिकडे. बांधली म्हणणारे जास्त भरले, आणि त्यांनी तोच पुरावा दिला, आडवे दगड. तिकडच्यांना उत्तर देता येईना. तेव्हा मी एवढंच सांगितलं की थिजणारा खडक आकसतो, तडकतो, आणि तडे गार होणाऱ्या बाजूला काटकोनात जातात. सपाट पसरलेल्या थरात गारवा वरून-खालून लागतो, म्हणून खांब उभे होतात. भेगेत अडकलेल्याला गारवा दोन्ही बाजूंनी लागला तर खांब कसे होतील? एकीने हातातली पट्टी आडवी धरली.

म्हणजे आडवे दगड दोन्ही बाजूंचे साक्षीदार निघाले. ज्या पुराव्याने दोघांचंही म्हणणं खरं ठरतं, त्याने भांडण मिटत नाही. दुसरं काही शोधा. मुलं पांगली. चुना नाही, सांध्यांत माती भरलेली नाही. कोपरा नाही, दरवाजा नाही, आत राखायला काही नाही. कडेचा दगड फोडला तर एकदम बारीक कणांचा, मधला त्याहून भरड. बांधली म्हणणारे तरी हटेनात. "जुनी असेल, चुना धुपला असेल."

निकाल लावला विहिरीने. एका मुलाच्या काकांची विहीर भिंतीच्या रेषेतच होती. काका म्हणाले, बघायचं तर या. आम्ही कठड्यावरून वाकून पाहिलं. ती काळी पट्टी विहिरीच्या एका अंगाने खाली, आणखी खाली, पाण्यापर्यंत गेली होती आणि पाण्यातही शिरली होती. चाळीस फूट खोल पाया कोण घालेल, आणि तोही न खोदता? काका वर पुस्ती जोडून मोकळे झाले, "हिच्या या अंगाला पाणी हाये. त्या अंगाला भावानं सत्तर फूट खणलं, कोरडं." भिंत पाणी अडवते, हे त्यांना बोअर मारणाऱ्यांच्याही आधीपासून माहीत होतं. आमच्या वहीत ते त्या दिवशी गेलं.

ठेलाऱ्याचा तो मुलगा तिथं असता, तर त्याने विहिरीत वाकून पाहिलं असतं आणि कदाचित आणखी काही विचारलं असतं, जे आम्हाला कोणालाच सुचलं नाही.

*

या एप्रिलमध्ये पुन्हा घागरी. नवी नववी. या वेळी गंमत अशी झाली की एकाच घागरीत एका गटाच्या तापमापीने २७ दाखवले आणि दुसऱ्या गटाच्या तापमापीने २९. दोन गट हमरीतुमरीवर. आमची खरी, तुमची खोटी. प्रयोगशाळेतल्या सगळ्या तापमाप्या एका बादलीत घातल्या तर सात तापमाप्या, पाच आकडे. इतकी वर्षं आम्ही यांच्यावर निकाल देत होतो! जुन्या वह्यांतले सगळे आकडे डोळ्यांपुढून गेले. २७ आणि ३६ मधला फरक दोन अंशांनी पुसला जात नाही, म्हणून वाचलो. पण श्रावणातले ते २७ आणि २५, ज्यावर पोरांनी शाळा डोक्यावर घेतली होती, त्यांचं काय?

"खरी कोणती ते ठरवायचं कसं?" मी विचारलं.

बाजाराचा दिवस होता. एक मुलगा सायकलवर जाऊन गोळेवाल्याकडून वीस रुपयांचा बर्फ फडक्यात बांधून घेऊन आला. बर्फ फोडला, बादलीत थोड्या पाण्यात टाकला, ढवळला, सातही तापमाप्या आत. वितळत्या बर्फात शून्य दाखवेल ती खरी, मी म्हटलं. सगळे वाकून बघायला लागले. एक शून्यावर, दोन जवळपास, एक सरळ अडीचवर.

बर्फ आणणारा मुलगा ओले हात पँटला पुसत उभा होता.

"मॅडम, वितळणारा बर्फ शून्यावरच असतो, हे कशावरून?"

साडेपाचची एसटी दाराशी हॉर्न देत होती. मी सांगायला लागले की १७४२ मध्ये अँडर्स सेल्सियस नावाच्या स्वीडिश माणसाने आधी उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्याला शंभर धरलं होतं, नंतर ते उलटं झालं, म्हणजे शून्य हे सापडलेलं नाही, ठरवलेलं आहे...

"ठरवलेलं?" तो म्हणाला. "मग दरवेळी बर्फ तिथंच वितळतो, हे तरी कोणी बघितलं?"

एसटी निघून गेली. बादलीत अजून बर्फ शिल्लक होता.